पाच टनांच्या हिशेबावर उभी राहिलेली रेल्वे

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता बार्शीच्या कापूस-बाजाराला रेल्वेने जोडायला निघाला, तेव्हा त्याने आधी वजनाचा आकडा पक्का केला: एका ॲक्सलवर पाच टनांहून जास्त भार नको. रुळांतलं अंतर अडीच फूट ठरलं. बाकी सगळं पोलाद या आकड्यावरून निवडलं गेलं.

भार कमी म्हणून रूळही हलका, यार्डाला 30 पौंड, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली. त्यांना चार चालक ॲक्सल होते आणि त्यांवर भार सारखा वाटलेला होता. त्यामुळे ओढायची ताकद मिळाली आणि रूळही वाचला.

खरी कसोटी डब्यांच्या सांगाड्यात होती. तेव्हा सांगाडे पट्ट्या आणि अँगल रिव्हेटांनी, बोल्टांनी जोडून करत. प्रत्येक भोक पट्टीचा तेवढा भाग कमजोर करतं, आणि धक्क्यांनी जोड सैल होत जातात. लीड्स फोर्ज कंपनीच्या सॅमसन फॉक्सने वेगळी वाट काढली होती. मऊ पोलादाची प्लेट तापवायची आणि हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून तिच्याच कडा वळवायच्या. सुटे भाग कमी झाले, डबा हलका झाला, माल जास्त मावू लागला. कॅलथ्रॉपने बार्शीसाठी हेच सांगाडे घेतले.

हे पोलाद सगळीकडे चाललं नसतं. प्लेट न तडकता वळायला हवी, म्हणून तिच्यात कार्बन कमी. रूळ झिजू नये, म्हणून त्यात जास्त. दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या बोल्टाचं गणित याहून नाजूक: फार मऊ असेल तर आटे ताणले जातात, फार कडक असेल तर गाडीच्या हादऱ्याने तो तुटतो.

1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि यात्रेच्या दिवसांत मालडब्यांतूनही वारकरी जाऊ लागले. पूर्वेकडे बालाघाटाचा चढ ओलांडून, येडशी-ढोकीमार्गे निजामाच्या मुलखातून, 1911 मध्ये ती लातूरला गेली. धाराशिव शहर मात्र या वाटेवर आलं नाही.

बार्शीचा हिशेब इंग्लंडलाही उपयोगी पडला. 1904 मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेचा अभियंता कॅलथ्रॉपच होता, आणि तिथेही अडीच फुटी रूळच टाकले गेले.

1954 मध्ये ही बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली. पुढे ब्रॉडगेजचं काम निघालं, तेव्हा येडशीजवळून मार्ग वळवून धाराशिव शहर जोडलं गेलं आणि 2008 पर्यंत लातूर-कुर्डुवाडी रुंद रूळ पूर्ण झाले. आज ब्रॉडगेजवर मीटरला 52 ते 60 किलोंचे रूळ असतात. ॲक्सलवरच्या 20 टनांहून जास्त भाराला तेवढं पोलाद लागतंच.