फुंकरीतली वजाबाकी

दम्याच्या तपासणीला आलेल्या मुलाच्या नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात आणि छाती भरून श्वास घेऊन जोरात फुंकायला सांगतात. ‘अजून, अजून, सोडू नकोस!’ पडद्यावर आकडा उमटतो. पण नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. त्या वयाच्या, उंचीच्या मुलाने किती फुंकायला हवं होतं, याच्याशी तो ताडून पाहतात. अमेरिकेत या अपेक्षेत मुलाचा वंशही धरला जात असे.

यंत्र मूळचं इंग्लंडचं. जॉन हचिन्सन या डॉक्टराने 1846 मध्ये आपल्या स्पायरोमीटरची माहिती प्रसिद्ध केली. खलाशी, पोलीस, मुष्टियोद्धे अशा दोन हजारांहून अधिक लोकांचा श्वास त्याने मोजला होता.

अमेरिकेत या यंत्राला भलताच धनी भेटला. सॅम्युएल कार्टराइट हा दक्षिणेतल्या मळेवाल्यांचा डॉक्टर. गुलाम पळून जातात तो मनाचा एक आजार आहे, असं 1851 मध्ये गंभीरपणे लिहिणारा हाच. काळ्यांची फुप्फुसं गोऱ्यांपेक्षा 20 टक्क्यांनी उणी असतात आणि सक्तीची मेहनत त्यांच्या प्रकृतीला मानवते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे चाबूक हाच उपचार! यादवी युद्धानंतर, 1869 मध्ये, बेंजामिन गूल्ड यांनी सैनिकांची मोजमापं छापली. गूल्ड पेशाने खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्याकडेही काळ्या सैनिकांचे आकडे कमी आले. ही माणसं काय खाऊन वाढली, कसल्या खोपटांत राहिली, याला मात्र त्या कोष्टकांत रकाना नव्हता.

पुढे गुलामगिरीचं समर्थन कुणी उघडपणे करेना, पण वजाबाकी टिकली. विसाव्या शतकात ती यंत्रातच जाऊन बसली: काळ्यांसाठी अपेक्षा 10 ते 15 टक्क्यांनी कमी, आशियाईंसाठी 4 ते 6 टक्क्यांनी. न्यू जर्सीतल्या मराठी घरातलं पोरही मग त्यातून सुटायचं नाही.

हिशेब साधा आहे. समजा, अपेक्षित श्वास दोन लिटर आणि मुलाने दीड लिटर सोडला. हे झाले 75 टक्के. 80 ही ढोबळ सीमा, तेव्हा डॉक्टर सावध होतील. मूल काळं असल्याने अपेक्षा 12 टक्क्यांनी उतरवली की तोच दीड लिटर 85 टक्के होतो. अहवाल येतो: नॉर्मल.

अमेरिकेत दम्याने दगावणाऱ्या काळ्या मुलांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या कितीतरी पट आहे. त्याला डिझेलचा धूर, ओलीच्या भिंती, तुटपुंजा विमा अशी पुष्कळ कारणं आहेत. सगळं खापर एका सूत्रावर फोडता येणार नाही. पण घरातल्या ओलीने आणि रस्त्यावरच्या धुराने छाती भरत असताना, कमी श्वास ही वंशाचीच खूण मानणं हा जुना आळस होता.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2023 मध्ये वंश वगळून एकच सूत्र वापरण्याची शिफारस केली. त्याचीही किंमत आहे. काल नॉर्मल ठरलेला काळा तरुण आज अग्निशमन दलाच्या नोकरीला किंवा मोठ्या शस्त्रक्रियेला अपात्र ठरू शकतो. त्यामुळे ‘आकडा एकच, पण निर्णय नुसत्या आकड्यावर नको’, असा आग्रह आता छातीविकारतज्ज्ञ धरू लागले आहेत.