शेवटच्या हंगामातील सर्वोत्तम भाग : यज्ञश्री सातकर्णी

१/ लांबत गेलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा शेवटचा हंगाम बहुधा निराश करतो. कथा विस्कटते, मोठी पात्रे निघून गेलेली असतात. अशातच एखादा भाग असा येतो की सुरुवातीचे वैभव आठवावे. सातवाहनांच्या इतिहासातील तो भाग म्हणजे गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीची कारकीर्द.

२/ आरंभ मात्र आपल्या वैशाखऱ्यापासून करू. मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर हे गाव लागते, आणि येथूनच नाणेघाटाची चढण जवळ येते. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणांची नोंद आहे. सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या प्रतिमांची आज केवळ पावले उरली आहेत. वरची नावे मात्र वाचता येतात.

३/ या घाटाला एवढे महत्त्व का? सोपारा-कल्याणचा माल याच वाटेने जुन्नरकडे व पुढे पैठणकडे जाई. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की कल्याणच्या व्यापारावर निर्बंध आले आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर अडले की घाट ओस पडणारच.

४/ पश्चिमेकडील क्षत्रपांशी चाललेल्या संघर्षाचे मूळ येथे आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याने आपला छाप पुन्हा उमटवलेला आहे.

५/ पुढे पारडे फिरले. इ.स. १५० च्या जुनागढ लेखात महाक्षत्रप रुद्रदामन सांगतो : दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा जिंकले, परंतु जवळच्या नात्यामुळे त्याचा नाश केला नाही. एका राजघराण्याला याहून बोचरी दया कोणती?

६/ अशा उतरणीवर, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, यज्ञश्री गादीवर आला. त्याच्या ७ व्या राज्यवर्षाचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे, तर १६ व्या वर्षाचा कान्हेरीत. उत्तर कोकण पुन्हा सातवाहनांच्या हाती आल्याची ही शिळेवरील साक्ष. आंध्र किनाऱ्यावर चिन्नगंजाम येथे त्याच्या २७ व्या वर्षाचा लेख मिळतो. म्हणजे त्याची सत्ता पश्चिमेपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती.

७/ नाशिकचा लेख विशेष हृद्य आहे. बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेले लेणे अनेक वर्षे अपुरे पडून होते. ते महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने पूर्ण करून भिक्षुसंघाला दिले. रखडलेली कामे पुन्हा हाती घेण्याइतकी स्वस्थता आली होती, एवढे यावरून निश्चित दिसते.

८/ १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात यज्ञश्रीचे रौप्य नाणे मिळाले. त्यावर राजाचा मुखवटा आहे. ही घडण क्षत्रपांच्या नाण्यांची. ज्यांच्याकडून प्रदेश परत घेतला, त्यांच्याच चलनाला सरावलेल्या बाजारपेठेसाठी त्याने तसेच नाणे पाडले, असे मानण्यास जागा आहे.

९/ मग हे टिकले का नाही? त्याच्यानंतर काही पिढ्यांतच नाशिककडे आभीर, कृष्णेच्या खोऱ्यात इक्ष्वाकू आणि बनवासीकडे चुटू स्वतंत्रपणे पुढे आले. महारठी, महाभोज, महासेनापती अशा प्रादेशिक घराण्यांवर राज्य उभे होते. समर्थ राजा असेपर्यंत ती एकत्र राहिली. तो जाताच प्रत्येकाने आपली वाट धरली.

१०/ म्हणून यज्ञश्रीला ‘शेवटचा थोर सातवाहन’ म्हणून मोकळे होणे अपुरे आहे. ऱ्हास ही सरळ उतरती रेषा नसते, हे त्याची कारकीर्द दाखवते. पुढच्या वेळी वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढाल, तेव्हा नागनिकेचा लेख अवश्य पाहा, अक्षरांना हात न लावता. आणि त्या पावलांपाशी उभे राहून, याच घराण्यात अनेक पिढ्यांनंतर हा घाट ज्या बंदरांना जोडतो तो मुलूख परत मिळवणाऱ्या राजाचेही स्मरण करा.