चाहत्यांच्या हाती संघाची सूत्रे : इनडोअर फुटबॉलमधील दोन पहिले हंगाम

जुलै २०१६ मध्ये ‘बेंगळुरू फाइव्ह्ज’ हा व्यावसायिक इनडोअर फुटबॉल संघ मैदानात उतरला. त्यानंतर सातच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी २०१७ रोजी, अमेरिकेतील युटा राज्यात ‘सॉल्ट लेक स्क्रीमिंग ईगल्स’ या संघाने आपला पहिला सामना खेळला. पहिल्या संघाच्या कारभारात चाहत्यांना कोणतेही स्थान नव्हते. दुसऱ्या संघात मात्र नावापासून प्रत्यक्ष डावपेचांपर्यंतचे निर्णय चाहत्यांच्या मतदानाने होत होते. दोन्ही संघ आज अस्तित्वात नाहीत. संघ नेमका कोणाचा, हा क्रीडाविश्वातील जुना प्रश्न या दोन उदाहरणांमुळे नव्याने समोर येतो.

एकच नाव, दोन खेळ

‘इनडोअर फुटबॉल’ या नावाने ओळखले जाणारे हे दोन खेळ परस्परांहून पूर्णतः भिन्न आहेत. बेंगळुरूचा संघ फुटसाल खेळत असे. उरुग्वेची राजधानी मोन्टेव्हिडिओ येथे १९३० मध्ये हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने या खेळाची मांडणी केली. यात गोलरक्षकासह प्रत्येकी पाच खेळाडू असतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान साधारणतः ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान व कमी उसळणारा असतो. त्यामुळे जोरदार फटक्यापेक्षा पायातील कौशल्याला अधिक महत्त्व येते.

सॉल्ट लेकचा संघ अमेरिकन फुटबॉलचा बंदिस्त सभागृहातील प्रकार खेळत असे. यात प्रत्येकी आठ खेळाडू असतात, मैदान ५० यार्ड लांबीचे असते आणि कडेला गादी लावलेल्या भिंती असतात. प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो व पुढची चाल ठरवली जाते. चाहत्यांचे मतदान शक्य झाले ते या थांब्यामुळेच. फुटसालसारख्या अखंड चालणाऱ्या खेळात तशी सवडच मिळत नाही.

बेंगळुरूची फुटबॉल परंपरा

बेंगळुरूला फुटबॉल नवा नाही. ऑस्टिन टाऊन, मर्फी टाऊन व गौतमपुरा या लष्करी छावणीलगतच्या वस्त्यांमधून खेळाडूंच्या अनेक पिढ्या घडल्या. मुंबईत होणाऱ्या रोव्हर्स चषक स्पर्धेवर दीर्घकाळ ब्रिटिश लष्करी संघांचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये ‘बेंगलोर मुस्लिम्स’ या संघाने हा चषक जिंकून ते मोडून काढले आणि १९३८ मध्ये तो पुन्हा पटकावला.

स्वातंत्र्योत्तर काळात शहराचा फुटबॉल प्रामुख्याने सार्वजनिक उद्योगांच्या आधारावर उभा राहिला. हिंदुस्थान एरोनॉटिक्स व इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज यांचे संघ त्यांत अग्रेसर होते. खेळाडूला नोकरी मिळे आणि कामगार वसाहतीला आपला संघ मिळे. मात्र अशा संघाचे भवितव्य व्यवस्थापनाच्या इच्छेवर अवलंबून असे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा संघ २०११-१२ च्या आय-लीगमध्ये खेळला व त्याच हंगामात खालच्या श्रेणीत गेला. पुढील हंगामात देशाच्या सर्वोच्च साखळीत बेंगळुरूचा एकही संघ नव्हता.

ही पोकळी जेएसडब्ल्यू समूहाने २०१३ मध्ये स्थापन केलेल्या बेंगळुरू एफसीने भरून काढली. प्रशिक्षक अ‍ॅशली वेस्टवुड व कर्णधार सुनील छेत्री यांच्या नेतृत्वाखाली या संघाने २०१३-१४ च्या पहिल्याच हंगामात आय-लीगचे विजेतेपद मिळवले. एप्रिल २०१४ मध्ये गोव्यातील फातोर्डा येथे डेम्पो संघाला ४-२ असे नमवून ते निश्चित झाले. याच काळात बेंगलोर फुटबॉल स्टेडियमच्या पश्चिमेकडील सज्जात बसणाऱ्या चाहत्यांनी ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा गट उभारला. संघ उद्योगसमूहाच्या मालकीचा असला तरी सज्जा चाहत्यांचा होता. घोषणा, गाणी, फलक आणि परगावच्या सामन्यांचा प्रवास यांची व्यवस्था हा गट स्वतः करू लागला.

चाहत्यांविना हंगाम

जुलै २०१६ मध्ये चेन्नई व गोवा येथे प्रीमियर फुटसाल स्पर्धेचा पहिला हंगाम झाला. मुंबई, गोवा, कोलकाता, चेन्नई, कोची व बेंगळुरू या नावांचे सहा संघ त्यात होते. प्रत्येक संघात एका जगप्रसिद्ध फुटबॉलपटूचा समावेश होता. इंग्लंडचे पॉल स्कोल्स बेंगळुरूकडून, वेल्सचे रायन गिग्ज मुंबईकडून, तर ब्राझीलचे रोनाल्डिन्हो गोव्याकडून खेळले.

बेंगळुरूसाठी हा हंगाम निराशाजनक ठरला. गोव्याविरुद्धच्या सामन्यात रोनाल्डिन्हो यांनी एकट्याने पाच गोल केले आणि बेंगळुरूला २-७ असा पराभव पत्करावा लागला. संघाचे आव्हान साखळीतच संपुष्टात आले. विजेतेपद मुंबईने अंतिम सामन्यात कोचीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून मिळवले.

या पराभवांपेक्षा दुसरी एक बाब अधिक गंभीर होती. संघाच्या नावात बेंगळुरू असले तरी त्या हंगामातील एकही सामना बेंगळुरूमध्ये झाला नाही. खेळाडू अल्प मुदतीच्या करारावर एकत्र आले आणि स्पर्धा दहा दिवसांत आटोपली. संघाचा सज्जा नव्हता, सदस्यत्व नव्हते आणि सरावाचे नेहमीचे मैदानही नव्हते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नसल्याने हा संघ देशाच्या अधिकृत रचनेशीही जोडलेला नव्हता.

२०१७ मध्ये स्पर्धेचा दुसरा हंगाम मुंबई, बेंगळुरू व दुबई येथे झाला. बेंगळुरूला आपल्या शहरात सामने पाहता आले, परंतु तोपर्यंत संघाचे नाव बदलून ‘बेंगळुरू रॉयल्स’ झाले होते. त्यानंतर तिसरा हंगाम झाला नाही. संघ वाचवण्यासाठी पुढे येऊ शकेल असा संघटित चाहतावर्गच निर्माण झालेला नव्हता.

मतदानाने चालणारा संघ

सॉल्ट लेकच्या संघाने नेमकी उलट दिशा धरली. इंडोअर फुटबॉल लीगमध्ये सामील झालेल्या या संघाचे नाव चाहत्यांच्या मतांनी ठरले. मुख्य प्रशिक्षकाची निवडही मतदानाने झाली. सामना सुरू असताना प्रशिक्षक पुढील चालीसाठी काही पर्याय देत. चाहते मोबाइल फोनवरून काही सेकंदांत मत नोंदवत आणि सर्वाधिक मते मिळालेली चाल खेळाडूंना कळवली जाई. हा अधिकार आक्रमणाच्या चालींपुरता मर्यादित होता. बचावाचे निर्णय प्रशिक्षकांकडेच होते.

पहिल्या सामन्यात नेब्रास्का डेंजर संघाने स्क्रीमिंग ईगल्सचा ७८-४७ असा पराभव केला. आक्रमणात ४७ गुण मिळवणाऱ्या संघाचा बचाव कोसळला होता. संपूर्ण हंगामात संघाने १६ पैकी ५ सामने जिंकले व ११ गमावले. तो संघाचा एकमेव हंगाम ठरला.

प्रवर्तकांनी पुढे हीच कल्पना घेऊन स्वतंत्र साखळी स्पर्धा उभारली. ‘फॅन कंट्रोल्ड फुटबॉल’ या स्पर्धेचा पहिला हंगाम २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील डुलुथ येथे चार संघांनिशी झाला व ‘वाइल्ड एसेस’ संघ विजेता ठरला. २०२२ च्या दुसऱ्या हंगामानंतर ही स्पर्धाही झालेली नाही.

मत आणि मालकी यांतील अंतर

सॉल्ट लेकच्या चाहत्यांना चाल निवडता येत होती, परंतु संघ टिकवायचा की बंद करायचा, हा निर्णय प्रवर्तकांचा होता. मताधिकार म्हणजे मालकी नव्हे, हा या प्रयोगाचा पहिला धडा होय.

इंग्लंडमधील एब्सफ्लीट युनायटेड क्लबच्या बाबतीत चाहत्यांकडे मालकीही आली होती. इंटरनेटवरून ३५ पौंड वर्गणी भरून एकत्र आलेल्या हजारो सदस्यांनी २००८ मध्ये या क्लबचे बहुसंख्य भाग विकत घेतले. त्याच वर्षी क्लबने वेम्बली मैदानावर एफए ट्रॉफी जिंकली. मात्र नावीन्य ओसरताच नूतनीकरण करणाऱ्या सदस्यांची संख्या झपाट्याने घटली आणि २०१३ मध्ये सदस्यांनी क्लबवरील हक्क सोडला. दूरवरच्या सदस्यांचे औत्सुक्य क्लबला तारू शकले नाही.

याउलट, २००२ मध्ये लंडनमधील चाहत्यांनी स्थापन केलेला एएफसी विम्बल्डन आजही चाहत्यांच्याच नियंत्रणाखाली आहे. आपला जुना क्लब दुसऱ्या गावी हलवण्यास मान्यता मिळाल्यावर या चाहत्यांनी नवा क्लब सुरू केला. तेथे सदस्य सामन्यातील डावपेच ठरवत नाहीत. ते प्रतिनिधी निवडतात, हिशेब तपासतात आणि क्लबच्या भवितव्याविषयी निर्णय घेतात. जर्मनीतील क्लबांमध्येही, काही अपवाद वगळता, मतांचे बहुमत सदस्यांकडेच राहावे असा नियम आहे.

भारतातील स्थिती

भारतात चाहत्यांच्या मालकीचा प्रयोग केरळमध्ये झाला. तिरुवनंतपुरम येथील ‘त्रावणकोर रॉयल्स’ हा क्लब देशातील चाहत्यांच्या मालकीचा पहिला फुटबॉल क्लब म्हणून ओळखला जातो. बेंगळुरूमध्ये चाहत्यांचा उत्साह मोठा असला तरी अशी मालकी प्रत्यक्षात आलेली नाही.

फुटसालला मात्र दरम्यानच्या काळात अधिकृत स्थान मिळाले आहे. महासंघाने २०२१ मध्ये दिल्लीत पहिली फुटसाल क्लब अजिंक्यपद स्पर्धा घेतली व दिल्ली एफसीने ती जिंकली. २०२३ मध्ये भारताचा पुरुष राष्ट्रीय संघ ताजिकिस्तानमधील आशियाई चषक पात्रता फेरीत प्रथमच खेळला. या खेळाला मोठे मैदान लागत नाही व खेळाडूही मोजकेच लागतात. त्यामुळे वर्गणीवर चालणारा क्लब उभारण्यासाठी तो अकरा जणांच्या फुटबॉलपेक्षा कमी खर्चाचा आहे. पहिल्या हंगामाची प्रसिद्धी विकत घेता येते, परंतु दहाव्या हंगामापर्यंत क्लब टिकवण्यासाठी वर्गणी भरणारे, सभेला येणारे आणि पराभवानंतरही सज्जात बसणारे लोक त्याच गावात असावे लागतात.