सोनमासा व घरगुती जलजीवालय

सोनमासा व घरगुती जलजीवालय : सोनमासा किंवा गोल्डफिश हा सिप्रिनिडी मत्स्यकुलातील गोड्या पाण्यातील शोभिवंत मासा असून त्याचे शास्त्रीय नाव कॅरॅसियस ऑरॅटस असे आहे. रोहू, कटला हे परिचित मासेही याच कुलातील होत. चांगल्या पाण्यात सोनमासा दहा वर्षांहून अधिक काळ जगतो. इंग्लंडमध्ये १९९९ साली मरण पावलेला एक सोनमासा ४३ वर्षांचा होता. उलट, काचेच्या लहान भांड्यात ठेवलेला मासा पुष्कळदा काही आठवड्यांतच दगावतो. या तफावतीचे मुख्य कारण माशात नसून पाण्यात असते. सोनमाशाच्या पालनाचा इतिहास म्हणजे वस्तुतः पाणी राखण्याची विद्या माणसाने कशी संपादन केली याचा इतिहास होय.

चीन व जपान : सोनमाशाचे रानटी पूर्वज पूर्व आशियातील असून ते करड्या-हिरवट रंगाचे असतात. त्यांत क्वचित तांबडे-पिवळे मासे निपजतात. अशा माशांचे उल्लेख चीनमधील जिन राजवटीच्या (२६५–४२०) काळापासून आढळतात. पकडलेल्या प्राण्यांना जीवदान देण्याच्या बौद्ध प्रथेनुसार असे मासे मठांच्या तळ्यांत सोडले जात व तेथे त्यांना संरक्षण मिळे. सुंग राजवटीत हांगजो येथे बाराव्या शतकात राजवाड्याच्या तळ्यातही ते पाळण्यात येऊ लागले. मिंग राजवटीत (१३६८–१६४४) त्यांना मातीच्या रुंद तोंडाच्या भांड्यांत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मासा माणसाच्या अगदी जवळ आल्याने दुहेरी शेपटी, फुगीर डोळे यांसारखी वैशिष्ट्ये हेरून जोपासता आली. जांग चिअँदे याने १५९६ मध्ये सोनमाशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जपानमध्ये सोनमाशाच्या संगोपनावरील पुस्तक १७४८ साली प्रसिद्ध झाले. निवलेले, उन्हात मुरलेले पाणी वापरणे, ते थोडेथोडे बदलणे आणि खाद्य बेताने घालणे हे नियम या देशांतील पालकांनी अनुभवाने बसविले. त्यांमागील कारणे मात्र त्यांना ज्ञात नव्हती.

यूरोप : सतराव्या शतकात सोनमासा यूरोपात पोहोचला. कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तेथे काचेच्या गोल भांड्यात मासा ठेवण्याची प्रथा पडली. मासा बाजूने न्याहाळता येऊ लागला, हा तिचा लाभ. परंतु अशा भांड्यात पाणी थोडे असते आणि तोंड अरुंद असल्यास हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळण्यास पृष्ठभागही अपुरा पडतो. पाणी लवकर दूषित झाल्याने ते वारंवार संपूर्ण बदलावे लागे, व या आकस्मिक बदलाचाही माशास त्रास होई.

यावर उपाय शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) यांनी १८४९ मध्ये केला. वनस्पती प्रकाशात ऑक्सिजन बाहेर टाकतात, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेच होते. वॉरिंग्टन यांनी सु. १२ गॅलन धारकतेच्या काचपात्रात वाळू व चिखल घालून व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली व दोन लहान सोनमासे सोडले. काही काळाने वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, पाणी निवळले आणि गोगलगायींची अंडी माशांस खाद्य म्हणून उपयोगी पडली. या प्रयोगाचे वृत्त १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यगृह उघडले व फिलिप हेन्‍री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे घरगुती जलजीवालयाचा छंद फैलावला.

अदृश्य साहाय्यक : वनस्पती व प्राणी यांचा समतोल साधला की पाणी आपोआप शुद्ध राहते, ही कल्पना मात्र अपुरी ठरली. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. उरलेले खाद्य कुजूनही तो निर्माण होतो. पाणी स्वच्छ दिसत असतानाही अमोनिया घातक ठरू शकतो. फ्रान्समध्ये श्लेझिंग व म्यूंट्स यांनी १८७७ मध्ये, अमोनियापासून नायट्रेट बनण्याची क्रिया सूक्ष्मजीवांमुळे होते असे दाखविले. ही क्रिया दोन टप्प्यांत घडते, हे रॉथॅमस्टेड येथे मृदेवर संशोधन करताना वॉरिंग्टन यांच्याच रॉबर्ट नावाच्या पुत्राने (१८३८–१९०७) दाखवून दिले. सर्जी विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास संबंधित जंतू वेगळे केले. पित्याच्या काचपात्रातील कोड्याचा उरलेला भाग अशा प्रकारे पुत्राच्या शेतजमिनीवरील संशोधनाने उलगडण्यास साहाय्य झाले. गोड्या पाण्याच्या जलजीवालयात नायट्राइटाचे नायट्रेट करण्यात नायट्रोस्पायरा जंतूंचा वाटा असल्याचे १९९८ मध्ये आढळले, तर याच प्रजातीतील काही जंतू दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात, हे २०१५ मध्ये स्पष्ट झाले.

आरोग्यरक्षण : नव्या काचपेटीत हे जंतू पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनिया व नंतर नायट्राइट साचतात. नायट्राइटामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. नवी पेटी भरताच पुष्कळ मासे सोडल्यास ते मरतात, याचे हे एक प्रमुख कारण होय. जंतू मुख्यतः गाळणीत व तळाच्या वाळूत वाढतात. म्हणून गाळणी नळाच्या पाण्याखाली खळखळून न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यात हलकेच विसळतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जंतू या दोहोंस अपायकारक असल्याने ते आधी काढून टाकावे लागते. पाणी एकदम संपूर्ण न बदलता त्याचा काही भाग नियमितपणे बदलणे हितकारक असते.

सोनमासा थंड पाण्यातील आहे. २०° से. तापमानाच्या एक लिटर पाण्यात सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३०° से. ला सु. ७·५ मिग्रॅ. पाणी तापले की अमोनियाची विषारकताही वाढते. त्यामुळे महाराष्ट्रातील उन्हाळ्यात मोठी पेटी, सावली, हवेचा पुरवठा व बेताचे खाद्य यांची विशेष आवश्यकता असते. रोम नगरपालिकेने २००५ साली सोनमासे गोल भांड्यात ठेवण्यास मनाई केली. चिनी पालकांचा रुंद भांड्यांचा व मुरलेल्या पाण्याचा आग्रह शास्त्रीय दृष्ट्याही योग्य होता, असे आता दिसून येते.