वाहनशिक्षण आणि अपघात : एका अनुमानाची परीक्षा

शिकविलें म्हणजे सुधारलें, हा आम्हां शिक्षकांचा जुना समज आहे. तीन तपें संस्कृत शिकविण्यांत घालविल्यानें आम्हीहि तो बाळगून होतों. अमेरिकेंतील तरुणांच्या मोटार-शिक्षणाचा इतिहास वाचल्यापासून मात्र तो जसाच्या तसा ठेवणें आम्हांस कठीण झालें आहे.

१९३४ सालीं पेनसिल्व्हेनियांतील स्टेट कॉलेज या गांवच्या हायस्कुलांत एमॉस नेहार्ट या प्राध्यापकानें मुलांस मोटार चालविण्याचे पाठ देण्यास प्रारंभ केला. पुढील कांहीं दशकांत हा विषय देशभर रूढ झाला व शिकलेल्या मुलांस विमाकंपन्या हप्त्यांत सूट देऊं लागल्या. या सर्वांस मुख्य आधार इतकाच कीं, शिकलेल्यांचे अपघात न शिकलेल्यांहून कमी दिसत.

नैयायिक येथेंच हात धरील. जेथें अग्नि तेथें धूर, हें अनुमान सदोष आहे; ओल्या इंधनाचा संयोग ही तेथील उपाधि होय. त्याचप्रमाणें जीं मुलें आपण होऊन वर्गांत जात, तीं मुळांतच अधिक सावध असलीं, किंवा गाडी कमी चालवीत असलीं, तर श्रेय पाठाचें कसें?

ही उपाधि वेगळी काढण्याचा यत्न लिऑन रॉबर्ट्सन व पॉल झॅडॉर या संशोधकांनीं मिळून केला. १९७८ सालीं सत्तावीस संस्थानांचे आंकडे ताडून त्यांनीं दाखविलें कीं, परवानाधारकांमागें प्राणघातक अपघातांचें प्रमाण शिक्षणानें घटत नाहीं. उलट शिक्षणामुळें सोळा-सतरा वर्षांचीं पुष्कळ अधिक मुलें परवाने मिळवितात, व त्या वयाच्या एकंदर मुलांमागें असे अपघात वाढतात. हा झाला अन्वय. व्यतिरेक कनेक्टिकटनें पुरविला. तेथें सरकारी अनुदान बंद झाल्यावर नऊ ठिकाणच्या हायस्कुलांनीं हे वर्ग मोडले. खाजगी शिकवणी उपलब्ध असूनहि बहुतेक मुलें अठराव्या वर्षापर्यंत थांबलीं, आणि त्या त्या गांवीं सोळा-सतरा वर्षांच्या चालकांचे अपघात घटले. रॉबर्ट्सन यांनीं १९८० सालीं हें प्रसिद्ध केल्यावर शिक्षकवर्ग संतापला. आम्ही त्या काळीं तेथें असतों तर आम्हीहि संतापलों असतों.

जॉर्जियांतील डिकाल्ब परगण्यांत सुमारें सोळा हजार विद्यार्थ्यांचे सोडतीनें तीन गट पाडण्यांत आले : एकास विस्तृत शिक्षण, दुसऱ्यास अल्प, तिसऱ्यास शाळेकडून मुळींच नाहीं. सोडत घातली म्हणजे स्वभावाची उपाधि उरत नाहीं. विस्तृत शिक्षणाचा लाभ परवान्यानंतरचे पहिले कांहीं महिनेच दिसला. १९८६ सालीं लुंड, विल्यम्स व झॅडॉर यांनीं तेच आंकडे पुन्हां तपासले, तेव्हां त्या गटांतील मुलांचे परवाने व अपघात दोन्ही अधिक भरले. मुलगा गाडी वळवावयास शिके, हें खरें. पण रस्त्यावर वर्ष-दोन वर्षें आधीं येई.

यावर उपाय निघाला तो पाठाचा नव्हे, विलंबाचा. १ ऑगस्ट १९८७ पासून न्यूझीलंडनें टप्प्याटप्प्यानें परवाना देण्यास आरंभ केला. दुसऱ्या टप्प्यांतील तरुणास रात्रीं दहा ते पहाटे पांच एकट्यानें गाडी चालविण्याची, तसेंच अनुभवी चालक जवळ नसतां मित्रमंडळी बरोबर नेण्याची मनाई केली. तेथील तरुणांचे अपघात घटले. १९९४ सालीं ऑन्टेरिओनें हीच रीत उचलली. मात्र मान्य शिक्षणक्रम पुरा करणारास पहिल्या टप्प्याच्या बारा महिन्यांतील चार माफ करून तोच जुना दोष मागल्या दारानें आंत घेतला.