कोठाराचे तुकडे

डिसेंबर १९४२. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठाच्या उपाहारगृहात मार्शल हॉलोवे आणि चार्ल्स बेकर हे भौतिकशास्त्रज्ञ जेवत होते. दोघं अणुबॉम्बच्या गुप्त प्रकल्पातले. अणुकेंद्रकावर कण आदळण्याची शक्यता क्षेत्रफळात मोजतात. त्याला काटछेद म्हणतात. केंद्रकाचा काटछेद साधारण १०चा उणे २४वा घात चौरस सेंटिमीटर. दर वेळी एवढं कोण म्हणणार? प्रकल्पातले ज्येष्ठ शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांचं नाव द्यावं तर ते लांबलचक; त्याच प्रकल्पातले बेथे यांचं द्यावं तर ‘बीटा’ या ग्रीक अक्षराशी गल्लत. शेवटी ‘बार्न’ ठरलं, म्हणजे शेतावरचं कोठार, कारण केंद्रकांच्या जगात हे माप कोठाराएवढं ऐसपैस होतं. शिवाय ऐकणाऱ्याला विषयाचा पत्ता लागत नसे.

पुढे कणांच्या टकरींमधून इतक्या दुर्मीळ घटना शोधायच्या होत्या, की कोठाराचे तुकडे करावे लागले. बार्नचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक फेम्टोबार्न. एखाद्या घटनेचा काटछेद तेवढा असेल, तर एक ‘इन्व्हर्स फेम्टोबार्न’ विदेत ती सरासरी एकदा घडते. विदा मोजायचं माप असं उलटं झालं.

पण किती टकरींना वाव मिळाला, हे कळायचं कसं? १९६८मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सायमन व्हॅन डर मीर यांनी युक्ती सुचवली: कणांचा एक झोत दुसऱ्या झोतावरून हळूहळू सरकवायचा, टकरींचा दर कसा बदलतो ते पाहायचं आणि त्यावरून झोतांची परिणामी रुंदी काढायची. सर्नच्या एलएचसी या कणत्वरकात आजही असंच करतात.

शिकागोजवळच्या टेव्हाट्रॉन या कणत्वरकावर १९९५मध्ये टॉप क्वार्क हा मूलकण सापडला, तेव्हा तिथल्या सीडीएफ प्रयोगाकडे ६७ आणि डी-झीरो प्रयोगाकडे सुमारे ५० इन्व्हर्स पिकोबार्न विदा होती; असे हजार मिळून एक इन्व्हर्स फेम्टोबार्न होतो. म्हणजे एका इन्व्हर्स फेम्टोबार्नच्या दहाव्या भागाहूनही कमी. डी-झीरोत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते.

४ जुलै २०१२ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याची घोषणा झाली, ती एलएचसीवरच्या दोन प्रयोगांच्या प्रत्येकी सुमारे १० इन्व्हर्स फेम्टोबार्न विदेवर. त्या वर्षीच्या ऊर्जेला एका इन्व्हर्स फेम्टोबार्नमागे जवळपास २० हजार हिग्ज जन्मत. त्यातले दोन फोटॉनांत विरणारे पन्नासच्या आसपासच, आणि तेही सुमारे सत्तर लाख कोटी टकरींच्या गर्दीतून हुडकायचे. एलएचसीच्या पुढच्या सुधारित अवतारासाठी ३,००० इन्व्हर्स फेम्टोबार्नचं लक्ष्य ठरलं आहे.