मूल नुसतंच चंचल की एडीएचडी? वरठीच्या पालकापर्यंत पोचलेला अमेरिकेतला वाद आणि इथला वेगळा प्रश्न

भंडारा रोड नावाचं रेल्वे स्टेशन भंडारा शहरात नाही. ते आहे तिथून दहा-बारा किलोमीटरवर, मोहाडी तालुक्यातल्या वरठीत. हे स्टेशन आणि सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, या दोन गोष्टींमुळे वरठीचं नाव जिल्ह्याबाहेर माहीत झालं. स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर असल्याने मोठ्या दुखण्याला गाडीत बसून नागपूर गाठणं सोपं. अंतर साधारण साठ किलोमीटर. हाड मोडलं, हृदयाचं काही निघालं, तर ही गाडी पकडायची की नाही याची घरात चर्चा होत नाही. पण शाळेतून निरोप आला, की ‘तुमचं पोट्टं एका जागी बसत नाही, वही अर्धवट सोडतं, दुसऱ्यांना लिहू देत नाही’, तर मात्र कोणाला दाखवायचं हेच कळत नाही. आजी म्हणते, याचा बापही असाच होता. बाप म्हणतो, मोबाइल काढून घ्या. आई रात्री तोच मोबाइल घेऊन शोधायला बसते.

तिला दोन प्रकारचे व्हिडिओ सापडतात. एक सांगतो, हा एडीएचडी आहे, ताबडतोब उपचार करा. दुसरा सांगतो, असा काही आजारच नाही, गोळ्या विकायला कंपन्यांनी तो तयार केलाय. दोन्हींत थोडं तथ्य आहे. अडचण अशी, की हा वाद मुख्यतः अमेरिकेतल्या परिस्थितीवरून पेटलेला आहे आणि भंडारा जिल्ह्यातली परिस्थिती जवळजवळ त्याच्या उलट आहे.

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

मराठीत याला अवधान न्यूनता आणि अतिचंचलता विकार म्हणतात, पण डॉक्टरांपासून पालकांपर्यंत सगळे ‘एडीएचडी’च वापरतात. जुन्या लेखांत ‘एडीडी’ दिसतं, तो याच विकाराचा 1980 सालचा शब्द. 1987 मध्ये त्यात अतिचंचलतेचा उल्लेख जोडून आजचं नाव आलं.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा स्कॅन नाही. विरोधकांचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. मात्र ‘चाचणी नाही’ म्हणजे ‘निकष नाहीत’ असं नाही. 2013 पासून वापरात असलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये दोन्हींपैकी किमान एका यादीतली सहा लक्षणं सहा महिने टिकलेली असावी लागतात. ती वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत, आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत. ही शेवटची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूल फक्त गणिताच्या तासाला वळवळ करत असेल, बाकी घरी-दारी नीट असेल, तर आधी गणिताचा तास बघायला हवा.

शिवाय या सगळ्यामुळे मुलाच्या रोजच्या जगण्यात खरी अडचण येत असली पाहिजे. खोडकर मूल आणि एडीएचडीचं मूल यांतला फरक इथे आहे. खोडकर मूल आवडीचा खेळ, मित्र, परीक्षा यांपैकी बरंच काही सांभाळून नेतं. एडीएचडी असलेलं मूल मनापासून प्रयत्न करूनही दप्तर विसरतं, रांगेत थांबू शकत नाही, मित्र गमावतं, आणि रोज ओरडा खाऊन स्वतःला ‘ढ’ समजू लागतं.

मुलींचं दुखणं वेगळंच. त्यांच्यात पळापळ कमी आणि हरवलेपण जास्त असतं. खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी वर्गाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याबद्दल निरोपही येत नाही.

‘शोध लावणाऱ्यानेच खोटं असल्याचं कबूल केलं’ ही पोस्ट

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरणारा हा मजकूर आहे: एडीएचडीचा शोध लावणाऱ्या लिऑन आयझेनबर्ग या डॉक्टरने मृत्युशय्येवर हा आजार खोटा असल्याचं सांगितलं.

आयझेनबर्ग हे अमेरिकेतले मोठे बालमानसोपचारतज्ज्ञ होते. 1960 च्या दशकात मुलांवरच्या उत्तेजक औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये त्यांचा सहभाग होता. 2009 मध्ये ते वारले. त्याआधी काही महिने एका जर्मन पत्रकाराशी ते बोलले होते, आणि 2012 मध्ये ‘डेर श्पीगल’ने ते छापलं. बनवलेल्या आजाराचं उदाहरण, अशा अर्थाचे कडक शब्द त्यात होते, हे खरं. पण त्यांचा रोख भरमसाट निदानावर होता. डॉक्टर घरातली परिस्थिती विचारत बसण्यापेक्षा पटकन गोळी लिहून देतात, अशी त्यांची तक्रार होती. आणि ‘शोध’ त्यांनी लावलाच नव्हता. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनी 1798 मध्येच लक्ष टिकत नसलेल्या माणसांचं वर्णन केलं होतं. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती 1902 मध्ये. तेव्हा ना गोळी होती, ना ती विकणारी कंपनी.

अमेरिकेतली काळजी मात्र खरी आहे

तिथल्या सरकारी पाहणीनुसार 2022 मध्ये 3 ते 17 वयोगटातल्या 11.4 टक्के मुलांना कधी ना कधी एडीएचडीचं निदान झालेलं होतं. म्हणजे सत्तर लाखांहून अधिक मुलं. जगभरातल्या अभ्यासांची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास येते. कीथ कॉनर्स यांची लक्षणं मोजण्याची प्रश्नावली जगभर वापरली जाते, पण त्यांनीही उतारवयात या वाढत्या आकड्यांवर जाहीर टीका केली.

सगळ्यात बोलका पुरावा वर्गातल्या वयाचा आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि 2012 मध्ये निष्कर्ष आले. तिथे शाळाप्रवेशाचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं. त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल वर्गात सर्वांत लहान, जानेवारीतलं सर्वांत मोठं. डिसेंबरच्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान होण्याचं प्रमाण जानेवारीच्या मुलग्यांपेक्षा 30 टक्क्यांनी जास्त निघालं आणि मुलींमध्ये तब्बल 70 टक्क्यांनी. महिना बदलला म्हणून मेंदू बदलत नाही. म्हणजे काही मुलांचं फक्त वय कमी होतं, आणि त्याला विकार समजलं गेलं.

हे भंडाऱ्यालाही लागू आहे. पहिलीच्या वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांत अकरा महिन्यांचा फरक असू शकतो. सहा वर्षांच्या वयात अकरा महिने फार मोठे असतात.

पण इथला प्रश्न उलटा आहे

अमेरिकेत भीती अशी, की नसलेल्या मुलालाही शिक्का बसतो. वरठीसारख्या गावात भीती अशी, की असलेल्या मुलालाही तो कधीच बसत नाही. त्याऐवजी दुसरे शिक्के बसतात: उनाड, मठ्ठ, बिघडलेला. त्यांना कोणता डॉक्टर लागत नाही आणि ते पुसायला कोणी येत नाही.

कागदावर व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोच महाराष्ट्रात, फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. ज्या तीसेक व्याधी शोधायच्या, त्यांच्या यादीत एडीएचडी नावानिशी आहे, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसतं. मात्र एका दिवसात शाळाभर मुलांचे डोळे, दात, वजन, रक्त बघणाऱ्या पथकाला चंचलता कशी दिसणार? अनोळखी डॉक्टरसमोर दोन मिनिटं तर कोणतंही मूल शहाण्यासारखं उभं राहतं. शिक्षकाने आधीच पथकाला सांगून ठेवलं, तरच काही निघतं. तसं निघालं तर मुलाला जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी या कार्यक्रमाची रचना आहे.

दुसरी फट कायद्यात आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व मोजलंय. स्वमग्नता त्यात आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी मात्र नाही. ‘तारे जमीन पर’ आल्यानंतर डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला, आणि महाराष्ट्रात अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती त्याच्याही आधीपासून होत्या. फक्त एडीएचडी असलेल्या मुलाला तसं प्रमाणपत्र मिळवणं अवघड. त्यामुळे शाळेलाही त्याच्यासाठी काही वेगळं करायची सक्ती वाटत नाही.

गोळीबद्दल

सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. सिबा कंपनीतल्या लिआंड्रो पानिझोन यांनी ते 1944 मध्ये बनवलं. रिटालिन हे नाव त्यांनी पत्नी मार्गेरीट, म्हणजे रीटा, हिच्यावरून दिलं. हे गुंगीचं औषध नाही. उलट ते उत्तेजक आहे. मेंदूतल्या डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रिनलीनवर काम करून ते लक्ष धरून ठेवायला मदत करतं. साधी गोळी तासाभरात लागू पडते आणि चारेक तासांत तिचा असर उतरतो.

ते लक्षणं कमी करतं, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. 2018 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त 133 चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला. मुलांसाठी पहिली पसंती मिथाइलफेनिडेट, असा त्याचा निष्कर्ष होता, पण तो काही आठवड्यांच्या परिणामावरून काढलेला. कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षकांनी याच प्रकारच्या पुराव्याला 2015 मध्ये कमी दर्जाचं ठरवलं होतं. खरी चर्चा लांब पल्ल्याची आहे. अमेरिकेतल्या ‘एमटीए’ अभ्यासात 579 मुलं होती. 14 महिन्यांनी, म्हणजे 1999 च्या निष्कर्षांत, नीट देखरेखीखाली औषध घेणारी मुलं फक्त वर्तनोपचार घेणाऱ्यांपेक्षा पुढे होती. तीन वर्षांनी हा फरक उरला नाही. औषधवाले पहिला आकडा सांगतात, विरोधक दुसरा. त्याच अभ्यासात औषध आणि वर्तनोपचार दोन्ही मिळालेल्या मुलांचं कमी मात्रेत भागलं, हे फारसं कोणी सांगत नाही.

दुष्परिणाम आहेत. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, नाडी थोडी वाढते, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास उंची किंचित कमी भरू शकते. म्हणून वजन, उंची, रक्तदाब मोजत राहावं लागतं. डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या औषधाने पुढे व्यसनाचा धोका वाढतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. साधारणपणे सहा वर्षांखालच्या मुलांना आधी औषध देत नाहीत. पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण हाच तिथे पहिला उपचार आहे.

भारतात ही गोळी सहज मिळतही नाही. ती औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये आहे आणि अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीतही. विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची. एवढा व्याप लहान गावातला मेडिकलवाला सहसा करत नाही. म्हणजे वरठीच्या पालकाला तज्ज्ञासाठीच नव्हे, तर पुढच्या पत्त्यासाठीही नागपूरची फेरी पडू शकते. अ‍ॅटोमॉक्सेटिन नावाचं दुसरं, उत्तेजक नसलेलं औषध या कडक यादीत नाही, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

ब्राह्मी किंवा शंखपुष्पीचं सिरप अनेक घरांत आधीच सुरू झालेलं असतं. ब्राह्मीवर काही छोट्या चाचण्या झाल्यात. मुख्य उपचार म्हणून तिच्यावर विसंबावं इतका पुरावा नाही. साखर कमी केल्याने चंचलता जाते, हा समज तर 1990 च्या दशकातल्या चाचण्यांमध्येच टिकला नाही. जास्त स्क्रीन आणि लक्ष न लागणं यांचा संबंध दिसतो, पण कशामुळे काय होतं हे ठरलेलं नाही.

निदानाआधी काय तपासायचं?

ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, आणि पूर्व विदर्भात तर ती गाळूच नये. हाक मारली तरी बघत नाही, म्हणजे कान फुटून ऐकू कमी येत असेल. फळ्यावरचं लिहीत नाही, म्हणजे चष्मा लागला असेल. रक्तक्षय झालेलं मूल थकलेलं, चिडचिडं, हरवलेलं दिसतं. या भागात सिकलसेल आढळतो. त्याच्या गंभीर प्रकारात बाहेरून न कळणाऱ्या बारीक मेंदूघातांनीही लक्ष ढळू शकतं. काही सेकंद शून्यात बघत राहणं ही फिट असू शकते. घोरणारं मूल रात्री नीट झोपत नसतं. आणि घरी झाडीबोली बोलणारं मूल एकदम इंग्रजी माध्यमात बसवलं, तर ते खिडकीबाहेरच बघणार, कारण आत त्याला समजेल असं काही चाललेलं नाही.

घरात मारहाण, दारू किंवा कोणाचं जाणं झालं असेल, तर तेही डॉक्टरला सांगावं लागतं. आयझेनबर्ग यांचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर होतं.

शाळेत जे बदल उपयोगी पडतात, त्यांना पैसे लागत नाहीत: पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, दहा गणितांऐवजी पाच-पाचचे दोन तुकडे, मधे पाणी आणायला किंवा वह्या वाटायला उठवणं, आणि काम झालं की लगेच शाबासकी. छडीने हा विकार जात नाही, आणि शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मारणंही बेकायदा आहे आणि मानसिक छळही.

सुरुवात नागपूरपासूनच करायला हवी असं नाही. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि कोणाकडे जायचं ते विचारता येतं. रक्त, कान, डोळे जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून घेतले, तर पुढची एक फेरी वाचते. पहिल्या भेटीला जाताना मुलाच्या दोन वर्षांच्या वह्या, प्रगतिपुस्तक आणि वर्गशिक्षकाने हाताने लिहिलेल्या चार ओळी सोबत असाव्यात: काय होतं, कोणत्या तासाला होतं, केव्हा होत नाही. तज्ज्ञाच्या खोलीत मूल शांत बसलेलं असेल, तेव्हा हेच कागद कामाला येतात.